पाठपोट

झरीच्या सार्वजनिक वाचनालयात दोन हजार एकशे सेहेचाळीस पुस्तके होती आणि एक वाचक होती. वाचकाचे नाव गंगी. तसे सभासद कागदोपत्री त्र्याण्णव होते. पण त्यातले काही निधनवार्ता पाहायला येत, काही मोबाइल चार्ज करायला येत, आणि भिकाबाबा दुपारचे पंख्याखाली झोपायला येत. एकोणीस वर्षांपासूनचा ग्रंथपाल रविंद्र वरठा या सगळ्यांना वार्षिक अहवालात वाचक म्हणूनच धरत असे आणि त्यात त्याला काही गैर वाटत नसे. झोपलेल्या माणसाच्या तोंडावर दैनिक पसरलेले असले, तर तो दैनिकाचा लाभ घेत नाही असे कोण म्हणेल?

गंगीचे मात्र खरे वाचन होते. पन्नाशीला टेकलेली बाई. सकाळच्या टेम्पोने नरपडकडच्या चिकूवाडीत कामाला जायची. चार वर्षांपूर्वी प्रौढांच्या वर्गात ती अक्षरे शिकली आणि वाचनालयातून नेलेले हे तिचे आयुष्यातले पहिले पुस्तक. ओळीखाली बोट ठेवून रोज एक पान, जास्त नाही. दर रविवारी ती पुस्तक घेऊन यायची, रविंद्र तारखेचा शिक्का मारायचा, ती पुस्तक पदरात गुंडाळून परत न्यायची. आता ती एकशे अठ्ठेचाळिसाव्या पानावर पोचली होती. पुस्तकातली रखमी हरवलेल्या भावाला शोधत तीन गावे पालथी घालून, लाकडाच्या वखारीमागच्या एका घरापाशी आली होती. पानाची शेवटची ओळ अशी होती : ‘रखमीने कडी वाजवली. आतून पावले जवळ आली आणि’

इथे पान संपत होते, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तालुक्यावर ‘गतिमान ई-वाचन अभियान’ येऊन आदळले.

अभियानाचा आदेश दीड पानी होता. ज्ञानगंगा घराघरांत पोचवण्याच्या अनुषंगाने वाचनालयांतील ग्रंथसंपदेचे शंभर टक्के डिजिटायझेशन करावे. सर्व ग्रंथ पाठपोट स्कॅन करावेत. तदनंतर मूळ ग्रंथ निर्लेखित करून त्यांचा लगदा करण्यात यावा, जेणेकरून एकाच ग्रंथाची शासनदरबारी दोनदा नोंद राहणार नाही. ‘पाठपोट’ म्हणजे कागदाच्या दोन्ही बाजूंनी, हे आपल्याकडे झेरॉक्सच्या टपरीवरचे पोरही सांगेल. त्यामुळे तो शब्द समजावून सांगावा असे कुणाच्या डोक्यात आले नाही.

काम हद्दीपलीकडच्या, गुजरातमधल्या एका एजन्सीला मिळाले. तिचे प्रविणभाई टेम्पो घेऊन आले आणि एका दुपारी सगळी कपाटे रिकामी करून गेले. कपाटे भकास दिसू नयेत म्हणून अभियानातूनच पुस्तकांच्या फोटोचे फ्लेक्स पुरवण्यात आले होते. ते लावल्यावर वाचनालय पूर्वीपेक्षा भरलेले दिसू लागले.

दुसऱ्या दिवशी तालुका समन्वयक निर्मला मॅडमचा तलासरीहून फोन आला.

“वरठा, तुमचं झरी लाल दिसतंय.”

“म्हणजे, मॅडम?”

“पोर्टलवर. नव्व्याण्णव पॉइंट पंच्याण्णव टक्के. शंभर झाल्याशिवाय हिरवं होत नाही. एक पुस्तक कमी आहे तुमचं.”

“ते एका बाईकडे आहे, मॅडम. वाचतायत त्या.”

“वाचतायत?” मॅडमनी पोर्टल खालीवर चाळले. अशा परिस्थितीसाठी पोर्टलवर पर्याय नव्हता. “हे बघा, उद्या बारापर्यंत हिरवं झालं नाही तर तुमच्या वाचनालयाचा वर्ग जाईल, अनुदान बंद होईल. मग त्या काय वाचतील?”

हा युक्तिवाद बिनतोड होता. वाचनालय वाचवायचे तर वाचणाऱ्या बाईच्या हातातून पुस्तक काढणे भाग होते. रविंद्र संध्याकाळी मोटरसायकल काढून पाड्यावर गेला. गंगी नुकतीच वाडीतून येऊन, हातपाय धुऊन, ओट्यावर पुस्तक उघडून बसत होती.

“गंगीबाय, पुस्तक द्यायला लागेल.”

“आज रविवार हाय का?”

“नाही. सरकारी काम आहे. चार दिवसांत टॅबवर येईल. मोठ्या अक्षरात, उजेडासकट.”

“मना फक्त येक पान वाचू दे. रखमी दारात उभी हाय.”

“खाली एजन्सीचा टेम्पो थांबलाय, बाय. आता चार दिवस उभी राहिली तर काय होतंय?”

गंगीने पुस्तक मिटले, पदराने पुसले आणि दिले. रविंद्रला वाईट वाटले. पण मोटरसायकलला किक मारेपर्यंतच. बाराच्या आत झरी हिरवे झाले.

टॅब चार दिवसांनी येणार होता, तो चार महिन्यांनी आला. फीत कापून झाली, नारळ फुटला, पाहुणे चहा पिऊन गेले आणि मग गंगीच्या हातात टॅब आला. रविंद्रने तिचे पुस्तक शोधून दिले. पडद्यावर ओळखीचे मुखपृष्ठ आले तसे तिचे तोंड फुलले. तिने बोटाने पान सरकवले. मागचे मलपृष्ठ आले. तिने आणखी सरकवले. पडद्यावर फुले पडली आणि अक्षरे उमटली : ‘अभिनंदन! आपले वाचन पूर्ण झाले आहे. कृपया तारांकन द्या.’

“मास्तर,” गंगी म्हणाली, “मधला कठं हाय?”

रविंद्रला वाटले, नेटवर्क. झरीत नेटवर्क म्हणजे वाऱ्यावरची वरात. कधी इकडचे, कधी गुजरातचे. त्याने टॅब खिडकीत नेला, अंगणात नेला, टाकीवर चढून पाहिला. दुसरे पुस्तक उघडले, तिसरे उघडले. प्रत्येकाला पुढचा पुठ्ठा होता, मागचा पुठ्ठा होता आणि मध्ये काही नव्हते.

तो तलासरीला गेला. निर्मला मॅडमनी प्रविणभाईंना बोलावून घेतले.

“मॅडम, अमे तर ऑर्डरप्रमाणेच केला,” प्रविणभाई आदेशाची प्रत उघडून म्हणाले. “पाठपोट लिहिलाय. आमच्या पोऱ्यांना समजला नाय, म्हणून मोबाइलमां भाषांतराला टाकला. पाठ म्हणजे पीठ, पोट म्हणजे पेट. तर चोपडीची पीठ घेतली, पेट घेतला. बेउ साइड, दोनी बाजू, एकदम क्लिअर.”

“अहो, पण आतला मजकूर?” रविंद्र जवळजवळ ओरडला.

“मजकूर ऑर्डरमां कुठे लिहिलाय? दाखवा.”

मॅडमनी आदेश दोनदा वाचला. ग्रंथसंपदा होती, ज्ञानगंगा होती, अनुषंग तर सात वेळा होता. मजकूर हा शब्द खरोखरच कुठे नव्हता.

“चार महिन्यांत कोणाच्याच लक्षात आलं नाही?” रविंद्रने विचारले.

“उलट,” मॅडम म्हणाल्या, “सगळे खूश आहेत. तालुक्याचा सरासरी वाचनवेग एका ग्रंथाला सहा सेकंद आहे. वरून विचारणा आलीय की हे तुम्ही कसं साधलंत. आता मी वर काय कळवू? की आम्ही वाचलंच नाही?”

“मूळ पुस्तकं तरी…”

“लगदा.” मॅडमनी प्रमाणपत्र पुढे केले. “तालुक्यातल्या सगळ्याच वाचनालयांचा. तुमच्या त्या बाईंना पोर्टलवर तक्रार करायला सांगा.”

तक्रारही केली. तक्रारीच्या अर्जात विचारले होते, कोणते पृष्ठ दिसत नाही? पर्याय दोन होते : पुढील, मागील. दोन्ही दिसत होती, म्हणून तक्रार आपोआप निकाली निघाली.

गंगीने मात्र हात टेकले नाहीत. तिचा हिशोब साधा होता : पाने बांधताना गडबड झाली असेल, तर रखमी दुसऱ्या कुठल्यातरी पुस्तकात गेली असेल. दर रविवारी ती टॅब घेऊन बसायची आणि एकेक पुस्तक उघडून आत ‘मधला’ आहे का बघायची. शेती, पाककृती, संतचरित्रे, स्पर्धा परीक्षा, काही सोडले नाही. पावसाळा सरता सरता तिची दोन हजार एकशे सेहेचाळीस पुस्तके उघडून झाली. पोर्टलने ही गोष्ट तत्काळ टिपली आणि गंगीला ‘जिल्ह्यातील सर्वोत्कृष्ट वाचक’ म्हणून जाहीर केले.

तलासरीच्या सभागृहात सोहळा झाला. मंचावर बारा खुर्च्या होत्या. गंगीला शाल दिली, पुष्पगुच्छ दिला आणि पुस्तकाच्या आकाराची एक ट्रॉफी दिली, जी उघडत नव्हती. निवेदकाने सांगितले की ताईंच्या सर्वांत आवडत्या पुस्तकाला मंचावरील सर्व मान्यवरांनीही पाच तारे दिलेले आहेत. कोणी ‘डोळे पाणावले’ असा अभिप्राय लिहिला होता, कोणी ‘शेवट तर अप्रतिम’.

गंगी माईकपाशी गेली.

“मना बक्षीस नको. तुमी समद्यांनी वाचलाय म्हणता, तर येवढाच सांगा. रखमीनं कडी वाजवली, तवा दार कोनी उघडला?”

मंचावरची बारा माणसे एकमेकांकडे पाहू लागली. शेवटी प्रमुख पाहुणे घसा साफ करून उठले.

“फार मार्मिक प्रश्न विचारलात, ताई. दार कोणी उघडलं? मी म्हणतो, ते दार तुम्ही-आम्ही, आपण सर्वांनी मिळून उघडायचं आहे!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या कडकडाटात गंगी मंचावरून उतरली आणि थेट तिसऱ्या रांगेत बसलेल्या रविंद्रपाशी आली.

“ते राहू दे, मास्तर. मोठी मानसा, त्यांना कामा असतात. तुमी सांगा. येकोणीस वर्सा तुमच्या कपाटात व्हता.”

एकोणीस वर्षे रविंद्रने त्या पुस्तकावर धूळ झटकली होती, शिक्के मारले होते, उसवलेली पाठ डिंकाने चिकटवली होती. ते उघडले होते ते फक्त तारखेच्या चिठ्ठीपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदा त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. पण समोर ही बाई वर्षभर दारात ताटकळत उभी होती. तिला निदान घरात तरी घेऊ, असे त्याला वाटले.

“चांगलं होतं, गंगीबाय,” तो हळूच म्हणाला. “दार तिच्या आईनं उघडलं.”

गंगी त्याच्याकडे पाहू लागली. रागाने नाही, लहान मुलाकडे पाहावे तशी.

“तिची आय साठाव्या पानावर मेली, मास्तर,” ती म्हणाली आणि झरीची गाडी गाठायला निघून गेली.

ही हकीकत लिहिताना त्या पुस्तकाचे नाव मुद्दामच दिलेले नाही. दिले असते, तर तुम्ही लगेच मान डोलावून म्हणाला असतात, “हो हो, वाचलंय ना. फार सुंदर आहे!”