दोन निळे मासे

टक्. टक्-टक्-टक्…

गोल्फचा चेंडू स्वयंपाकघराच्या फरशीवरून घरंगळत गेला आणि फ्रीजखाली जाऊन बसला. त्याआधी पाऊण तास घरात चिडीचूप होतं. घरात सहा वर्षांचं मूल असताना पाऊण तास शांतता असली, की कुठल्याही आईनं हातातलं काम टाकून धावायला हवं. शोना मात्र लापशीचा वाडगा बाजूला सारून वहीत डोकं खुपसून बसली होती.

"एफी, काय चाललंय गं?"

टेबलाखालून उत्तर आलं, "मासे काढतेय."

"छान. नीट काढ हं."

एवढंच. तिनं खाली वाकून बघितलं नाही. खेळणाऱ्यानं आपला चेंडू ओळखू यावा म्हणून त्यावर खूण करायची असते. क्लबातल्या बाकीच्या बायका दोन ठिपके देऊन मोकळ्या होत. शोनाच्या चेंडूवर निळ्या पेनानं काढलेला मासा असे. तो काढायचा मान एफीचा, आणि तो तिला मूठ नीट वळायला लागल्यापासूनचा. त्या दिवशी नवी डझनाची पेटी फोडली होती. शोनानं वाकून मोजले असते तर फ्रीजखालचा धरून चेंडू अकराच भरले असते. पण ते नंतरचं.

वहीत गावातल्या गोल्फच्या मैदानाचे सगळे अठरा होल होते. कुठे कोणती काठी, कुठे नेम धरायचा, कुठल्या बाजूला वाऱ्यानं चेंडू समुद्रात जातो. पानोपानी एकच वाक्य पुन्हा पुन्हा लिहिलेलं: हिरवळीच्या मध्यावर. वाक्य तिच्या बाबांचं होतं.

डूगल लेनी चाळीस वर्षं या मैदानाचं गवत राखत आले होते. रोज पहाटे प्रत्येक हिरवळीवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, जुना होल बुजवून नवा पाडायचा आणि त्यात झेंडा रोवायचा, हेही त्यांचंच काम. त्यामुळे झेंड्याबद्दल त्यांच्या मनात काडीचा आदर नव्हता.

"झेंडा मी लावायचो तो बघायला, मारायला नव्हे," ते म्हणत. "जिथे वाळूचा खड्डा जवळ, तिथे मुद्दाम लावायचो. शहाणा माणूस मध्यावर मारतो आणि घरी जाऊन सुखानं चहा पितो."

दुसरं म्हणजे काठी. "तुझा आयुष्यातला सगळ्यात चांगला फटका कुठवर गेला होता, ते धरून चालू नकोस. मंगळवारी दुपारी, पाठ दुखत असताना जो जातो ना, तो धर. आणि एक काठी मोठी घे." हे ऐकत ऐकत शोना मोठी झाली. ऐकलं पुष्कळ. केलं मात्र नाही. म्हणूनच अठरा होलांना तिला नव्वदपेक्षा कमी फटके कधी पुरले नाहीत.

पण यंदा गोष्ट वेगळी होती. सोमवारी बाबांच्या कमरेचं ऑपरेशन होतं. त्यानंतर अठरा होल चालायचं नाव काढायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. शरद पदकाच्या स्पर्धेत तिची काठ्यांची पिशवी खांद्यावर घेऊन बाबा चालणार, ते आज शेवटचं. क्लबाच्या दिवाणखान्यात विजेत्यांच्या नावांचा ओकच्या लाकडाचा फळा होता. बाबांनी चाळीस वर्षं या गवताला बाळासारखं जपलं, पण त्या फळ्यावर लेनी हे नाव कधी लागलं नाही. ते स्वतः याबद्दल चकार शब्द काढत नसत. फक्त दिवाणखान्यात गेले की फळ्याकडे पाठ करून बसत.

*

शोनाची जोडी लागली ती नेटी पेट्रीबाईंशी. वय चौऱ्याहत्तर, फळ्यावर सात वेळा नाव, जवळचं बघायचा चष्मा कायम गाडीत विसरलेला. झेंडा दिसला की त्याच्यावर तुटून पडायचं, एवढंच त्यांना ठाऊक. वाळूच्या खड्ड्यात त्या जितक्या वेळा जात, तितक्याच वेळा हसत बाहेर येत.

"काय रे डूगल, लेकीचं ओझं वाहतोस या वयात?"

"तुझी पिशवी घेतली असती नेटी, पण तू सांगितलेलं ऐकत नाहीस."

"आणि ही ऐकते?"

"आज ऐकणार आहे," बाबा म्हणाले. त्यांना कमी ऐकू येई, म्हणून ते मोठ्यांदा बोलत. मैदानावर आपल्या माणसाखेरीज कुणाला सल्ला द्यायला किंवा विचारायला बंदी आहे. पण बाबांनी शोनाच्या कानात सांगितलेला सल्ला किनाऱ्यावरच्या सीलमाशांनाही स्पष्ट ऐकू जात होता. आता दुसऱ्याच्या कानात बोळे घाला, असा काही नियम नाही.

आणि आश्चर्य म्हणजे शोना खरंच ऐकत होती. सातनंबरी काठीकडे हात गेला की बाबा खाकरत, आणि ती एक मोठी, सहानंबरी काढे. झेंडा डावीकडे खड्ड्याला चिकटून फडफडत असे, ती त्याच्याकडे पाठ केल्यासारखी मध्यावर मारे. बघायला त्यात काही मजा नव्हती. पण चेंडू हिरवळीवर बसत होता, दोन हलक्या टोल्यांत होलमध्ये पडत होता, आणि मागे एफी आजोबांचं बोट धरून विचारत होती, "आजोबा, आई आज रडत का नाहीये?"

सतराव्या होलवर पेट्रीबाईंनी आपला चेंडू पिवळ्या फुलांच्या काटेझुडुपांत घालवला. तिथेच त्यांनी पिशवीच्या तळाशी हात घालून दुसरा काढला. नवा चेंडू घेतला की तो कोणत्या छापाचा, खूण काय, हे सोबतच्याला सांगायची रीत आहे.

"कोणता घेतलात काकू?" असं शोनानं विचारायला हवं होतं. पण ती वहीत अठराव्या होलचं पान वाचत होती.

आणि पेट्रीबाईंनी सांगायला हवं होतं. पण चष्मा गाडीत होता. त्या म्हणाल्या, "पांढरा आहे," आणि मारून मोकळ्या झाल्या.

*

अठराव्या होलशी दोघी आल्या तेव्हा हिशेब सोपा होता. सकाळीच खेळून गेलेली, दवाखान्यात काम करणारी एक बाई पुढे होती. कच्च्या खेळाडूला मिळणारे सवलतीचे फटके वजा करून शोनानं हा होल पाच फटक्यांत संपवला, की पदक तिचं. पेट्रीबाईंनाही पाचच हवे होते.

पहिला फटका दोघींचाही झकास गेला. चेंडू हातभर अंतरावर पडले, आणि कुणाचा कोणता हे तिथे कळत होतं, कारण दोघींनी आपापला पडताना पाहिला होता. पुढे मात्र वाळूची उंच टेकडी, आणि तिच्यापलीकडे हिरवळ. हिरवळ दिसत नाही, फक्त झेंड्याचं टोक दिसतं. टेकडीवर एक पांढरा दगड आहे. त्याच्यावरून मारलं की चेंडू मध्यावर.

"दगड," बाबा म्हणाले. "सहानंबरी. दगडावरून. झेंडा उजवीकडे आहे, खड्ड्याच्या तोंडाशी. त्याच्याकडे बघूसुद्धा नकोस."

शोना उभी राहिली. वारा पडला होता. हातात सहानंबरी काठी, समोर पांढरा दगड. आणि उजवीकडे, टेकडीच्या वर, तो लाल चिंधीएवढा झेंडा दिसत होता. दिवसभर शहाण्यासारखं वागलेल्या माणसाला शेवटी एकदा तरी काहीतरी देखणं करावंसं वाटतं. बाबांना दाखवायला. फळ्यावर नाव लागेलच, पण ते लागावं असं की क्लबात वर्षभर लोक बोलतील. तिचा उजवा पाय नकळत बोटभर सरकला.

फटका एवढा गोड बसला की हाताला कळलंसुद्धा नाही. चेंडू टेकडीपलीकडे गेला.

"दगडावरून!" बाबा ओरडले. त्यांची नजर आता दूरचं धरत नव्हती. "अगदी दगडावरून!"

शोनानं काठी त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत सरकवली. पेट्रीबाईंनीही मारलं, आणि चौघं टेकडी चढू लागली. एफी पुढे पळाली. थोड्या वेळानं पलीकडून तिचा आनंदानं चिरकलेला आवाज आला.

"आई! ये लवकर! दोन्ही तुझेच आहेत!"

*

एक चेंडू हिरवळीच्या बरोबर मध्यावर होता. दुसरा झेंड्याशेजारच्या खड्ड्यात, वाळूत निम्मा रुतलेला. दोन्ही एकाच पेटीतले. दोन्हींवर निळा मासा. दोन्ही मासे हसत होते.

"एफी," शोना हळू आवाजात म्हणाली, "नेटीआजीकडे आपला चेंडू कसा गं गेला?"

"मी दिला सकाळी. खिशात घालून आणला होता. त्यांचे सारखे हरवतात ना, म्हणून. मासा काढला की हरवत नाही."

"खरंच की!" पेट्रीबाई डोळे बारीक करून म्हणाल्या. "पोरीनं हातात काहीतरी ठेवलं होतं खरं. मला वाटलं पेपरमिंट आहे. तोंडात घालून पाहिलं, मग पिशवीत टाकलं."

गलका ऐकून क्लबाचा सचिव मिलर एका हातात नियमांचं पुस्तक आणि दुसऱ्या हातात लोणी लावलेला स्कोन नावाचा पाव घेऊन शेजारच्या क्लबघरातून बाहेर आला. त्यानं दोन्ही चेंडूंकडे आळीपाळीनं पाहिलं. "कुणाचा कोणता हे नक्की सांगता आलं नाही, तर नियम स्पष्ट आहे. दोन्ही हरवले असं धरायचं. मागे जायचं, पुन्हा मारायचं, दंडाचा फटका वेगळा."

"हरवले? समोर दिसतायत की!" एफी म्हणाली.

"न सांगता यायला काय झालं?" बाबा पुढे सरसावले. आज चेहरा असा फुलला होता की कमरेचं दुखणंसुद्धा विसरले होते. "मधला माझ्या लेकीचा. दिवसभर मध्यावर मारतेय ती. ही बघ वही, तिच्याच अक्षरातली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलंय माझं, मिलर! लिहून ठेव तू!"

"बरोबर आहे," पेट्रीबाई लगेच म्हणाल्या. "मधला शोनाचा. मी जन्मात कधी मध्यावर नेम धरलेला नाही, अख्ख्या गावाला विचार. खड्डा माझा. सवयीचा आहे."

मिलरनं मान डोलावली. पुस्तक मिटू लागलं. मधल्या चेंडूपासून होल वीस पावलांवर होता. दोन टोले, फार तर तीन. फळ्यावर लेनी. बाबा तिच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात एवढा अभिमान होता की शोनाला आपण पुन्हा सहा वर्षांच्या झाल्यासारखं वाटलं. त्या वयात तिनं काही फोडलेलं असलं आणि ते अजून कुणाला सापडलेलं नसलं, की असंच वाटे.

"बाबा," ती म्हणाली. "मी झेंड्याकडे मारला."

"काय?"

"झेंड्याकडे मारला!" ती ओरडली, कारण त्यांना कमी ऐकू येई. त्यामुळे ते दिवाणखान्याच्या खिडकीत चहा पीत बसलेल्या सगळ्या बायकांनाही ऐकू गेलं.

बाबांचा हात हळूच पिशवीच्या पट्ट्याकडे गेला. त्यांनी तो उगाचच नीट केला.

पेट्रीबाईंनी घसा साफ केला. "आता बोलावंच लागणार. मी दगडावरून मारला."

"नेटी! तू आत्ताच म्हणालीस, जन्मात कधी…"

"आजच्या आधी, असं म्हणायचं राहिलं. दिवसभर कानाशी 'मध्यावर, मध्यावर' चाललंय. म्हटलं, मरायच्या आधी एकदा करून बघावं. चांगला गेला हो डूगल. तुझ्या सांगण्यात दम आहे. पन्नास वर्षांपूर्वीच ऐकायला हवं होतं तुझं."

"मग झालं की!" एफी म्हणाली. "मधला नेटीआजीचा!"

मिलरनं स्कोन खिशात ठेवला. अवघड प्रसंगी तो असंच करी. "नेम कुठे धरला, हा पुरावा होत नाही. नेम धरला तिथेच चेंडू जात असता, तर हा क्लब केव्हाच बंद पडला असता. दोन्ही हरवले."

दोघी टेकडी चढून मागे गेल्या. या वेळी शोनानं दगडावरून मारलं. चेंडू अगदी मध्यावर बसला, वहीत लिहिल्यासारखा. दोन टोले, एकूण सहा. पेट्रीबाईंनी जुन्या सवयीनं झेंड्याकडे मारलं आणि आठ केले. पदक मिळालं दवाखान्यातल्या त्या बाईला. ती तेव्हा घरी कपडे वाळत घालत होती. फोन केला तर म्हणाली, "कसलं पदक?"

*

घरी जायची वाट समुद्राच्या कडेनं होती. पिशवी मी घेते, असं शोना दोनदा म्हणाली. बाबांनी दिली नाही. ते पुढे चालत होते, एक पाय जरासा ओढत. पिशवीत काठ्या खुळखुळत होत्या. मागे न बघता ते म्हणाले, "वाळूतून कसं मारायचं, ते तुला शिकवायचं राहूनच गेलं."

"शिकवलंय बाबा. पुष्कळदा."

"हो का?" ते म्हणाले. "मग ठीक आहे."

एफी आईच्या हाताला लोंबकळत चालली होती. खिशात दोन्ही चेंडू होते. हरवलेले चेंडू ज्याला सापडतील त्याचे, हा नियम तिनं मिलरकडून पक्का करून घेतला होता. ती कधी एका माशाकडे बघे, कधी दुसऱ्याकडे. मग तिनं मान वर करून मोठ्यांदा विचारलं.

"आई, तू माझ्याएवढी होतीस ना, तेव्हा तरी आजोबांचं ऐकायचीस का गं?"

पुढे चाललेला काठ्यांचा खुळखुळाट थांबला.