पडझडीची डागडुजी

भग्न किल्ला कसा बघावा, हे मला कोणी शिकवू नये! इतके किल्ले पाहिले, पण एकाच्याही केसाला माझ्यामुळे धक्का लागला नाही. हात मागे बांधायचे, मान तिरकी करायची आणि दर दहा पावलांना "वा!" म्हणायचं. बस्स!

त्या सकाळी समुद्रकाठच्या किल्ल्यात हेच चाललं होतं. जहाजांतून आलेल्या परक्या व्यापाऱ्यांनी तो बांधला आणि ते गेल्यावर खाऱ्या वाऱ्याने तो निवांत पोखरला. सोबत बायको आणि तिचा धाकटा भाऊ. हा माझा मेहुणा बांधकाम खात्यातला निवृत्त इंजिनिअर. तीस वर्षांच्या नोकरीत एकही इमारत त्याच्या हातून पुरी झाली नाही. पायाभरणीला हा, की उद्घाटनाआधी बदली!

"त्या भिंतीला टेकून उभे राहा," बायको मोबाइल रोखत म्हणाली, "फोटो काढते."

मी टेकलो. ढकललं नाही, रेललो नाही. बँकेच्या रांगेत माणूस खांबाला टेकतो, तितपतच. तर मागे धप्प! उशीएवढा दगड भिंतीवरून उतरून गवतात जाऊन बसला.

"पाडलात ना!" बायको म्हणाली. लग्नापासून ती या क्षणाची वाट बघत असावी.

आवाज ऐकून पहारेकरी धावत आला. माणूस वाळक्या शेंगेसारखा, गणवेश मात्र दोघांना पुरेल एवढा. दगड बघून तो मटकन खालीच बसला.

"काय केलंत हे, साहेब! महिनाअखेर मी रिटायर होतोय. अकरा वर्षांत वहीत एक वाईट शेरा नाही. आणि आज बारा वाजता तपासणीला बाई येतायत!"

"कसली तपासणी?"

"किल्ला आहे तसाच आहे ना, याची!"

साडेदहा वाजले होते. एका सरळ माणसाच्या अकरा वर्षांना मी पाठ टेकली होती!

मेहुण्याने बाह्या सरसावल्या. "भावजी, घाबरता काय? मी आहे ना!"

"म्हणूनच घाबरतोय."

तिघांनी मिळून दगड वर चढवला. तो डुगडुगला, तशा मेहुण्याने खाली दगडी कपच्या ठोकल्या. दगड बसला. इथे थांबायला हवं होतं. पण मेहुणा चार पावलं मागे गेला आणि त्याने एक डोळा मिटला.

"शेजारी खाच दिसतेय. तिथलाही पडलाय."

"तो मी नाही पाडलेला!"

"पडलाय ना? मग झालं तर!"

गवतात दगडांना तोटा नव्हता. पहारेकरीही पेटला. बायको छत्रीखालून दोनदा म्हणाली, "अहो, कुणाला विचारा तरी!" विचारायचं कुणाला? इंजिनिअर घरचाच! पावणेबाराला भिंत फूटपट्टीसारखी सरळ झाली होती. तिला एक खिडकीसुद्धा निघाली होती!

बाराच्या ठोक्याला तपासणीच्या बाई आल्या. तरुण, डोक्यावर टोपी, काखेत जाडजूड फाइल. फाइलमध्ये खुणा करत करत त्या आमच्या भिंतीशी पोचल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, फाइलमध्ये पाहिलं, पुन्हा भिंतीकडे पाहिलं.

"इथली पडझड कुठे गेली?"

पहारेकऱ्याचा गणवेश थरथरत होता. आत तो असावा.

बाईंनी फाइलमधला वीस वर्षांपूर्वीचा फोटो पुढे केला. भिंत मोडकी, खिडकी नाही, दगड गवतात. आणि त्यांत तो उशीएवढाही!

"हा तर आधीच पडलेला आहे!" मी ओरडलो. "मग मी टेकलो तेव्हा वर काय करत होता?"

पहारेकऱ्याने टोपी काढली. "रुजू झालो त्याच दिवशी खाली दिसला, बाई. वाटलं, माझ्याच पाळीत पडला. गुपचूप चढवून ठेवला."

"आणि अकरा वर्षं कुणाला कळलं नाही?"

"फोटो बघणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

"बाई," मी म्हणालो, "शेरा मारायचा तर माझ्यावर मारा."

"तुमची वही कुठंय माझ्याकडे?" त्यांनी घड्याळ पाहिलं. "मी दोनपर्यंत इथे आहे. तोवर भिंत फोटोसारखी झाली, तर मला लिहिण्यासारखं काही उरणार नाही."

मग उतरवणं सुरू झालं. बाई फाइल उघडून उभ्या. "तो डावीकडे. आता हा तिरका. असा ठेवल्यासारखा नको हो, पडल्यासारखा पडू दे!"

"खिडकी तरी राहू द्या, बाई," मेहुणा कळवळून म्हणाला. जन्मात पुरं झालेलं एकमेव बांधकाम!

"फोटोत नाही."

शेवटी उरला उशीएवढा दगड. मेहुण्याने त्याच्याखालच्या कपच्या काढून तो चारदा खाली टाकला, चारदा वर चढवला. पण फोटोतल्यासारखा पडेल तर शपथ! दोनला पाच मिनिटं उरली. पहारेकऱ्याने माझ्यापुढे हात जोडले.

"साहेब, जरा टेकता का?"

मी टेकलो. धप्प!

"अचूक!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी पहारेकऱ्याच्या वहीत लिहिलं : 'भग्नावस्था समाधानकारक.'

परतताना दरवाजाशी बायको म्हणाली, "उभ्या संसारात एक काम तुम्ही पहिल्या फटक्यात बरोबर केलंत, आणि तेच साडेतीन तास निस्तरत बसलात!"

मी हात मागे बांधले, मान तिरकी केली आणि म्हणालो, "वा!"