सावधान साहेबांच्या गाडीचं छत

"सगळा विचार करून ठेवलाय!" असं सावधान साहेब म्हणाले की समजावं, आता काहीतरी होणार.

हे नाव त्यांना कारखान्यातल्या कामगारांनी दिलेलं. साहेब तिथे सुरक्षा अधिकारी. बावीस वर्षांत तिथे कुणाच्या बोटाला साधा ओरखडा आला नाही, कारण साहेब दिवसभर प्रत्येक मशीनमागे उभे राहून "हात काढ! चष्मा लाव! सावकाश!" असं ओरडायचे. घरीही तेच. कुणी स्टुलावर चढायचं तर दुसऱ्याने स्टूल धरायचं, आणि धरणाऱ्याने आधी पायात बूट घालायचे!

असा माणूस पन्नाशी ओलांडल्यावर छत उघडणारी, दोनच सीटची, अठरा वर्षं जुनी, पिवळीधमक गाडी विकत घेईल असं कुणाला वाटलं असतं का? पण घेतली बुवा! घरात चार दारांची शहाणी पांढरी गाडी असताना घेतली!

"ही कशासाठी?" बायकोने विचारलं. बायको शाळेत मुख्याध्यापिका. तिने प्रश्न विचारला की साहेबांना अजूनही उभं राहून उत्तर द्यावंसं वाटायचं.

"मजेसाठी!"

"कुणाच्या?"

"आपल्या दोघांच्या! म्हणून तर दोनच सीट आहेत!"

"आणि तुम्ही मजा करणार? वारा सुटला तर खिडकी लावून घेता तुम्ही!"

बायकोचं काही चुकत नव्हतं. पण साहेबांना आतून फार वाटत होतं हो! आयुष्यभर दुसऱ्यांना चष्मे लावायला सांगितलं, एकदा तरी उघड्या डोक्यावर वारा घ्यावा. ही गाडी हातची गेली तर पुन्हा एवढं धाडस आपल्याच्याने व्हायचं नाही, हे त्यांचं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

गाडी विकणारे होते दातांचे डॉक्टर. ते म्हणाले होते, "रविवारपर्यंत चालवून बघा. नाही पटली तर खुशाल परत आणा." बायकोने ते नेमकं ऐकलं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "रविवारपर्यंत काही झालं नाही तर ठेवू. एवढंसं जरी काही झालं, तर गाडी डॉक्टरांच्या दारात!"

"काय होणार आहे? सगळा विचार करून ठेवलाय!"

डॉक्टरांनी गाडी नीट समजावूनही दिली होती. हे बटण दाबलं की छत उघडून मागे डिकीत जाऊन बसतं, पुन्हा दाबलं की बंद होतं. मग डिकी उघडून आतला जाड रेक्झिनचा आडवा पडदा दाखवत ते म्हणाले, "आणि हो, हा पडदा मात्र—"

"कळलं, कळलं! छत वर, सामान खाली! अहो, सुरक्षा हा माझा धंदाच आहे!"

डॉक्टरांना जन्मभर तोंड उघडं ठेवून गप्प बसणाऱ्या माणसांची सवय. कुणी मध्येच बोललं की त्यांना पुढचं आठवेना. ते गप्प बसले, आणि साहेब गाडी घेऊन आले.

शुक्रवारी सासऱ्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता सासऱ्यांबद्दल सांगायलाच हवं. लग्न ठरायच्या आधी साहेब पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले ते पाच मजले जिना चढून. दार उघडल्यावर धापा टाकत म्हणाले, "लिफ्टचं काही सांगता येत नाही, कधी अडकेल नेम नाही!" आणि सासऱ्यांचा धंदा काय? लिफ्ट दुरुस्तीचा! ती लिफ्टसुद्धा त्यांनीच सांभाळलेली! तेव्हापासून आज चोवीस वर्षं सासरे जावयाशी "पाणी घ्या" आणि "निघालात?" याच्यापुढे बोलले नव्हते.

शनिवारी सकाळी त्यांना दवाखान्यातून आणायचं होतं. बायकोच्या शाळेत नेमकी तपासणी, त्यामुळे पांढरी गाडी घेऊन ती सातलाच गेली. जाताना म्हणाली, "बाबांसाठी टॅक्सी सांगते."

"टॅक्सी कशाला? मी आहे ना! छत बंद करून अलगद घेऊन येतो. फुलासारखे!"

बायको दारात थांबली. "डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय? वारा नको, धूळ नको, धक्का नको. डोळ्यात एक कण गेला ना बाबांच्या—"

"तर गाडी परत! ठाऊक आहे!"

आता कुणीही सांगेल की अशा वेळी छत बंद ठेवून गपचूप जावं. पण साहेबांनी हिशोब केला, जाताना तर सासरे गाडीत नाहीत! कोपऱ्यावर वळले आणि दाबलं बटण. छत गुर्रर्र करत मागे गेलं. डोक्यावर ऊन आलं, उरलेसुरले केस उडाले, आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने चक्क मान डोलावली. साहेबांनीही डोलावली. बावीस वर्षांत कुणी त्यांच्याकडे बघून अशी मान डोलावली नव्हती.

पण माणसाचा स्वभाव कुठे जातो? पुढच्या सिग्नलपर्यंत मनात आलं, धक्का नको म्हणालेत डॉक्टर! लगेच गाद्यांच्या दुकानासमोर गाडी थांबवली आणि सासऱ्यांच्या पाठीशी ठेवायला भलीमोठी उशी घेतली. डिकी उघडली तर ती आधीच गच्च भरलेली. आग विझवायचा सिलेंडर, दोन हेल्मेट, प्रथमोपचार पेटी, तोंडावर लावायची पारदर्शक ढाल, चमकणारं जाकीट, टॉवेल, दोर, टॉर्च! उशी काही केल्या जाईना. मग साहेबांनी त्या रेक्झिनच्या पडद्याचं एक टोक खाचेतून काढलं, खांदा लावला आणि उशी कोंबली. हात झटकले आणि निघाले.

दवाखान्याच्या दारात गाडी लावून त्यांनी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. काही नाही. जोरात दाबलं, हळू दाबलं, बघत नाही असं दाखवून पटकन दाबलं. छत आपलं मागे निवांत!

साहेबांनी मेकॅनिकला फोन लावला.

"बॅटरी काढून परत लावा," मेकॅनिक म्हणाला.

"लावली!"

"मग गाडी बंद करून चालू करा."

"केली!"

"मग इकडे घेऊन या."

"सासऱ्यांना घेऊन?"

"सासऱ्यांचंही काही दुरुस्त करायचंय का?"

साहेबांनी फोन ठेवला. तेवढ्यात वॉचमन आला. "साहेब, इथे गाडी लावायची नाही. ॲम्ब्युलन्स येते."

"अहो, छत बंद होत नाहीये!"

वॉचमन चांगला माणूस. त्याने छताचं टोक धरून ओढलं. आतून काहीतरी कट्‌ झालं. "नको! नको!" साहेब किंचाळले. "हात काढा! सावकाश!" वॉचमनने घाबरून दोन्ही हात वर केले, आणि त्याच क्षणी नर्स सासऱ्यांना घेऊन दारात उभी राहिली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा उघडा. त्या एका डोळ्याने सासऱ्यांनी गाडी बघितली, वॉचमन बघितला आणि मग जावई बघितला.

"बाबा, टॅक्सी बोलावतो!" साहेब म्हणाले.

"नको," सासरे म्हणाले.

"अहो, वारा लागेल!"

"टॅक्सीवाले फार बोलतात." एवढं बोलून ते दार उघडून बसलेसुद्धा!

खरं सांगायचं तर साहेबांच्या मनाचा एक कोपरा सुखावला. टॅक्सी केली असती तर बायकोला कळलं असतं, आणि गाडी गेली असती. पण दुसऱ्या कोपऱ्यात नुसता थरकाप! एक कण, फक्त एक कण! त्यांनी डिकी उघडली आणि बावीस वर्षांचा अनुभव बाहेर काढला. पाठीशी उशी. डोक्यावर हेल्मेट. हेल्मेटवरून हनुवटीपर्यंत ती पारदर्शक ढाल. गळ्याभोवती टॉवेल. वरून चमकणारं जाकीट.

"जाकीट कशाला?" नर्सने विचारलं.

साहेबांनी जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "असू दे!" ते म्हणाले.

निघाली वरात! ताशी पंधराचा वेग, चारही दिवे लुकलुकतायत, प्रत्येक खड्ड्याला साहेब आधीच ओरडतायत, "बाबा, खड्डा!" मागे गाड्यांची रांग लागली. हॉर्नवर हॉर्न! एक सायकलवाला पुढे गेला. एक आजीबाई चालत पुढे गेल्या, आणि वळून बघून हसल्या. पुढे मुख्य रस्ता खणलेला आहे हे साहेबांना ठाऊक होतं, तिथे धूळच धूळ, म्हणून त्यांनी डावीकडची गल्ली धरली. गल्लीत वळल्यावर आठवलं, ही बायकोच्या शाळेची गल्ली!

आणि मधली सुट्टी! कुंपणाला पोरं लटकलेली. "अंतराळवीर! अंतराळवीर!" म्हणून एकच गिल्ला झाला. सासऱ्यांनी हेल्मेटमधून हसत हसत हात हलवला. साहेब मात्र घामाघूम. एरवी माणूस सीटखाली वाकतो, काच वर करतो. छत नसलेल्या गाडीत तोंड लपवायचं तरी कुठे? त्यांनी मान इतकी खाली घातली की स्टिअरिंगच्या फटीतून रस्ता दिसत होता. शाळेच्या व्हरांड्याकडे बघायची त्यांची हिंमतच झाली नाही.

गल्ली संपते न संपते तोच समोरून वाळूचा ट्रक आला. उघडा! वाळू मागे उडतेय! साहेबांचा धीर सुटला. त्यांनी कचकन वळवून गाडी पेट्रोल पंपाच्या शेडखाली घातली आणि सासऱ्यांच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभे राहिले. ट्रक गेला.

"बाबा, चुकलं माझं," ते म्हणाले. रडायचेच बाकी होते. "तुमच्या डोळ्याला काही झालं तर मी तोंड कसं दाखवू? जाऊ दे ती गाडी! आत्ता टॅक्सी बोलावतो. उद्या ही परत करून टाकतो."

सासऱ्यांनी ढाल वर केली.

"मोटरचा आवाज येतो का? बटण दाबल्यावर?"

"नाही. काहीच नाही."

"मग मोटर बिघडलेली नाही. तिला कुणीतरी थांबवलंय." सासरे सावकाश बोलत होते, पण बोलत होते! "लिफ्टचं दार नीट लागलं नसेल तर लिफ्ट हलते का? नाही हलत. माणसाचा पाय अडकू नये म्हणून. ती बिघाड नसते, शहाणपण असतं. या गाडीचं कुठलं दार उघडं राहिलंय ते बघा."

"दोन्ही दारं बंद आहेत, बाबा!"

"छत कुठे जाऊन बसतं?"

"डिकीत."

"मग डिकीत बघा. मध्ये काय अडकवलंय?"

साहेबांनी डिकी उघडली. पडद्याचं एक टोक खाचेतून सुटून लोंबत होतं, आणि त्याच्याखालून सिलेंडर, दोर, टॉर्च सगळं वर डोकावत होतं. छतात काही सापडू नये म्हणून गाडी बिचारी आपली जागच्या जागी अडून बसली होती. अपघात टाळायला! साहेबांनी सामान उपसलं, पडदा खाचेत अडकवला, टिक्‌ आवाज आला. बटण दाबलं.

गुर्रर्र! छत आलं की वर!

"सुरक्षेसाठी घेतलेल्या सामानानेच घोटाळा केला म्हणायचा," साहेब पुटपुटले.

"लिफ्टमध्येही हेच होतं," सासरे म्हणाले. "लिफ्ट कधी अडकत नाही. माणसं अडकवतात." चोवीस वर्षं पोटात ठेवलेलं वाक्य होतं ते! मग म्हणाले, "उशी मात्र चांगली आहे."

उपसलेलं सामान पुन्हा डिकीत घालायची साहेबांची छाती होईना. मग सासऱ्यांनी सिलेंडर मांडीवर घेतला, पेटी पायाशी, दोर गळ्यात, आणि गाडी घरी आली.

दुपारी बायको आली. साहेब तयारच होते. "बाबा सुखरूप! छत बंद! एक कण नाही!"

बायकोने पर्स ठेवली. "तपासणीच्या बाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, हे अंतराळवीर कोण? मी म्हटलं, माझे वडील."

साहेबांनी खिशातून गाडीची किल्ली काढून मुकाट्याने टेबलावर ठेवली.

"उद्या सकाळी देऊन येतो," ते म्हणाले.

"कशाला?" बायको म्हणाली. "बाबांना एवढं हसताना मी लहानपणानंतर बघितलं नव्हतं. मुलांना हात काय करत होते! गाडी राहू दे."

साहेबांना आधी खरंच वाटेना. मग त्यांचा ऊर भरून आला! "बघ! मी म्हटलं नव्हतं? सगळा विचार—"

"फक्त चालवणार मी," असं म्हणत बायकोने किल्ली उचलली. "पंधराच्या वेगाने माझ्या शाळेवरून पुन्हा मिरवणूक नको."

तर असा सगळा प्रकार झाला. डोळा ठणठणीत बरा झाला. आता दर रविवारी सकाळी छत उघडतं आणि सासरे आणि त्यांची लेक फिरायला निघतात. दोनच सीट! सासरे स्वतः डिकी उघडून पडदा तपासतात, आत काही राहिलेलं नाही ना ते बघतात. राहिलेलं नसतंच. ते सगळं सामान आता वर गॅलरीत असतं.

आणि सामानाशेजारी स्टूल टाकून सावधान साहेब बसलेले असतात. गाडी फाटकातून बाहेर पडली की ते उठून उभे राहतात आणि बेंबीच्या देठापासून ओरडतात, "सावकाश!"

वाऱ्यात ते कुणाला ऐकू जात नाही.