तीन मिनिटांचे आमदार

आमच्या वसईच्या सोसायटीत आजवर सव्वीस आमदार होऊन गेले. त्यांतला एक मी. निवडणूक वगैरे काही झाली नाही. तळमजल्यावरच्या डॉक्टर इनासनी जिन्यात गाठलं, "तीन मिनिटं बसा, तुम्ही आता आमदार," म्हणाले, स्टूल पुढे सरकवलं आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं.

डॉक्टर इनास इंजेक्शन देणारे डॉक्टर नव्हेत. ते मेंदूचे शास्त्रज्ञ. विसरण्याच्या आजारावर काम करणारी त्यांची छोटीशी प्रयोगशाळा आहे, आणि तिचा सरकारी निधी मार्चमध्ये संपणार होता. नवा मिळाला नाही तर इतक्या वर्षांच्या कामाला टाळं. मागच्या खेपेला डॉक्टर साठ स्लाइडी घेऊन विधानभवनात गेले होते. चौथ्या स्लाइडीला आमदार उठून गेले. तेव्हाच डॉक्टरांनी ठरवलं, जे काय सांगायचं ते तीन मिनिटांत. आणि मग त्या तीन मिनिटांसाठी त्यांनी आम्हा सगळ्यांचा जीव नकोसा केला.

आमदार म्हणून बसलेल्या माणसाला ते अजिबात मान देत नसत. "चुळबुळ करू नका, आमदारसाहेब, घड्याळ चालू आहे." कुणी जांभई दिली की ते खूश होत आणि त्या वेळचं वाक्य लाल पेनानं खोडत. वॉचमन बसल्या बसल्या घोरायला लागला, त्या दिवशी अख्खा परिच्छेद गेला. चर्चच्या फादरांनी तेवढं शेवटपर्यंत ऐकलं, तर डॉक्टर त्यांच्यावरच चिडले. "फादर, तुमचा उपयोग नाही. तुम्हाला ऐकायची सवय आहे."

खरा निकाल लावला अर्नाळ्याच्या हिराबाईंनी. मासळीची पाटी पायरीवर ठेवून त्या स्टुलावर बसल्या आणि पहिल्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. डॉक्टरांच्या घराचं दार उघडं होतं, आत गॅलरीत त्यांच्या पत्नी लुसीबाई बसल्या होत्या. बाई एकेकाळच्या शिक्षिका, पण गेली काही वर्षं त्यांना स्वतःचं घरही परकं वाटतं. हिराबाईंनी तिकडे मान वळवली.

"बाईच्या दुखन्यावर औषध हाय का?"

"नाही," डॉक्टर म्हणाले.

"मंग तेच सांगा ना. नाय हाय, म्हनून शोधायचाय. बाकी कशाला पाल्हाळ?"

डॉक्टरांनी त्या दिवशी उरलेलं सगळं भाषण खोडलं.

विधानभवनात मी सोबत गेलो होतो, मांडीवर मेंदूचं प्लास्टरचं मॉडेल घेऊन. समोर खरे आमदार, मागे त्यांचे दोन सहायक. डॉक्टरांनी सुरुवात केली आणि आमदारांनी सवयीनं मोबाइल उचलला. डॉक्टरांच्या तोंडूनही सवयीनंच निघून गेलं, "चुळबुळ करू नका, आमदारसाहेब, घड्याळ चालू आहे."

मी मांडीवरचं मॉडेल घट्ट धरलं. एक सहायक तर उभाच राहिला. पण आमदारांनी वर्गात पकडलेल्या मुलासारखा मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि हात जोडून म्हणाले, "सॉरी सर, बोला."

डॉक्टर बोलले. या आजारावर खात्रीचं औषध नाही, ते शोधणारी माणसं आहेत, मार्चनंतर तीही नसतील. तीन मिनिटं व्हायच्या आत संपलं. आमदारांनी विचारलं, "सर, घरी कुणाला आहे का?" डॉक्टर म्हणाले, "आहे. पण मी सगळ्यांच्या घरांसाठी आलोय." आमदारांनी आणखी अर्धा तास बसवून घेतलं आणि अधिवेशनात मागणी स्वतः मांडली.

निधी मंजूर झाला! आमच्या पोरांनी शेजारच्या लग्नातला बँड पळवून आणला, सेक्रेटरींनी पेढे वाटले, आणि हिराबाई पापलेटं घेऊन आल्या त्या "भाषन माझंच व्हतं" असं गेटापासून सांगतच. सव्वीसच्या सव्वीस माजी आमदार अंगणात नाचले. मीही नाचलो, गुडघा दुखत असून.

संध्याकाळी पेढे द्यायला डॉक्टरांकडे गेलो. दोघं गॅलरीत बसली होती.

"लुसी, आपला निधी मिळाला."

"खरंच?" लुसीबाई लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवत म्हणाल्या. "किती कष्ट घेतले असतील हो त्या माणसानं."

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "अंगणात बँड कशाला आला होता?"

डॉक्टर जराही कंटाळले नाहीत. खुर्ची जवळ ओढून त्यांनी बाईंचा हात हातात घेतला आणि पहिल्यांदाच सांगत असल्यासारखं म्हणाले, "लुसी, आपला निधी मिळाला."

मी पेढे टीपॉयवर ठेवून निघालो, तेव्हा त्यांनी ती बातमी चौथ्यांदा सांगितली होती, आणि बाई चौथ्यांदा टाळ्या वाजवत होत्या.