वेनचं सातवं ठिकाण

वेनने मला फसवलं. वाईट हेतूने फसवलं असं मी म्हणत नाही. पण सौदा करताना समोरच्यापासून मालाची खरी किंमत लपवली, तर आमच्या धंद्यात त्याला फसवणूकच म्हणतात. चीनमध्ये सहाव्या दिवशी तो मला जिथे नेणार होता तिथे त्याची आई राहत होती. हे त्याने मला सांगितलं नाही. मी नाही म्हणालो, म्हणून तोही गेला नाही. मग करोना आला, सरहद्दी बंद झाल्या, आणि आई गेली. मला हे कळायला सव्वा वर्ष लागलं.

पण हा वेन म्हणजे काय प्रकरण आहे, ते आधी सांगायला हवं.

वेन लिफ्ट दुरुस्त करतो आणि स्वतः कधी लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. डीमन या डच गावातल्या आमच्या इमारतीत मी सहाव्या मजल्यावर राहतो, तो माझ्या वरच्या, सातव्या. किराणा असो, सायकलचं चाक असो, एकदा तर वॉशिंग मशीन, सगळं जिन्याने. मी विचारलं, "भीती वाटते की काय?" तो म्हणाला, "आत काय काय झिजलंय ते मला माहीत आहे." त्यानंतर आठवडाभर मीसुद्धा जिन्याने गेलो.

आमचं बोलणं मोडक्या डचमध्ये आणि त्याहून मोडक्या इंग्रजीत चालतं. इथे मी ते मराठीत लिहितोय, त्यामुळे आम्ही दोघेही आहोत त्यापेक्षा शहाणे वाटण्याची शक्यता आहे.

ओळख झाली ती माझ्या दुकानात. झुइडओस्ट या शेजारच्या भागात माझं भांड्यांचं आणि मसाल्यांचं दुकान आहे. पुण्या-मुंबईहून आलेली आयटीतली मंडळी कुकरच्या रिंगेपासून पोळपाटापर्यंत सगळं माझ्याकडून नेतात. सांगलीकडच्या आठवडी बाजारात पोत्यावर भांडी मांडून मी सुरुवात केली. घासाघीस कशी करायची ते मला कोणी शिकवायला नको. वेन थर्मास घ्यायला आला. मी किंमत सांगितली. तो काहीच बोलला नाही, नुसता उभा राहिला. मागे गिऱ्हाइकं ताटकळली, माझी बायको मंगल खुणा करायला लागली, तरी हा थर्मास हातात धरून माझ्याकडे बघतोय. शेवटी मीच उतरलो. त्या दिवसापासून मी त्याला मानतो.

तो मला "लाओबान" म्हणतो, म्हणजे दुकानाचा मालक. दुकानातली पोरं मंगलला वहिनी म्हणतात, म्हणून तिचं नावच वहिनी आहे असं त्याने धरलं. अजूनही "गुड मॉर्निंग, मिसेस वहिनी" चालू आहे. मंगलला ते आवडतं.

करोनाच्या आधीच्या नोव्हेंबरात मला स्टीलचे डबे आणि कढया बघायला दक्षिण चीनमध्ये जायचं होतं. वेन त्याच भागातला. दुभाष्या म्हणून येशील का, असं विचारलं तर त्याने आठवड्याची रजा टाकली. कारखान्याचं काम पहिल्याच दिवशी संपलं. पुढचे दिवस मी वेनचा पाहुणा झालो, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

त्यांच्याकडे पाहुण्याला एकटं सोडायचं नाही, खिशात हात घालू द्यायचा नाही, आणि तो "पुरे" म्हणाला तर बिचारा संकोचतोय असं समजून आणखी एक ठिकाण दाखवायचं. तक्रार मी कोणत्या तोंडाने करणार? आमच्याकडेही पाहुणा ताटावर आडवा झाल्याशिवाय पोळी वाढायची थांबत नाही.

रोज सकाळी नाश्त्याला वेन चौकटीचा कागद उलगडायचा. त्यावर ठिकाणांची यादी, आकडे घालून, आणि हातात लाल पेन्सिल. त्याचा शाळेतला मित्र ल्यांग गाडी घेऊन हजर असायचा. ल्यांग जाड, हसरा, आणि एकही शब्द न समजता माझ्या प्रत्येक वाक्याला हसणारा.

"आज अकरा," वेन म्हणायचा.

"चार."

"दहा."

"चार. माझे पाय बघ."

"नऊ. नववं अगदी लहान आहे."

मग ल्यांग दोन्ही हातांची मिळून सात बोटं वर करायचा आणि सौदा पटायचा. सातनंतर आठवं गुपचूप निघायचंच. "वाटेतच आहे," असं सांगून वेन मला जिथे न्यायचा, ती वाट चीनच्या दुसऱ्या टोकाला असायची.

एका मनोऱ्याला नऊ मजले होते. लिफ्टही होती, चकचकीत. वेनने तिच्या दाराला कान लावला, मान हलवली आणि जिन्याकडे वळला. वर पोचलो तेव्हा धुक्यात काही दिसत नव्हतं. वेन म्हणाला, "काही दिसत नाही ना? हे प्रसिद्ध धुकं आहे."

कुठे बाक दिसला की तो माझ्या आणि बाकाच्या मधे येऊन उभा राहायचा. "पाय बसले की तक्रार करतात," हे त्याचं ठरलेलं वाक्य. चहाच्या किटल्यांच्या संग्रहालयात मी त्याची नजर चुकवून एका खुर्चीवर बसलो, तर शिट्टी वाजली. ती खुर्ची तीनशे वर्षांपूर्वीची होती. पहारेकरी ओरडत होता, वेन माझ्या वतीने कमरेत वाकत होता, ल्यांग फोटो काढत होता. मी मात्र चांगलं अर्धं मिनिट बसून घेतलं.

जेवायला बसलो की ल्यांग माझ्या वाडग्यात मासा टाकायचा. वाडगा रिकामा केला की पुन्हा टाकायचा, भरलेला ठेवला की आवडला नाही म्हणून दुसरा मासा मागवायचा. पाचव्या दिवशी मला देवळं ओळखू येईनात. दाराशी दगडी सिंह बघून मी चपला काढल्या, हात जोडले आणि आत शिरलो. ती बँक होती.

आणि मग तो सहावा दिवस. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. यादीत सात ठिकाणं होती. माझे तळवे सुजले होते, डोकं ठणकत होतं. मी कागद न बघताच म्हणालो, "शून्य."

"पाच," वेन म्हणाला.

"शून्य."

तो गप्प झाला. थर्मासच्या वेळेसारखा गप्प. पण या वेळी मी उतरलो नाही. मग त्याने लाल पेन्सिल घेतली आणि पहिली सहा ठिकाणं एकेक करून खोडली. सातव्यावर बोट ठेवून म्हणाला, "एवढं एकच."

"काय आहे तिथे?"

"जुनं घर. खेड्यात. गाडीने दीड तास."

तोवर मी बारा जुनी घरं पाहिली होती. प्रत्येकात कोणीतरी अधिकारी किंवा कवी राहून मेलेला होता. मी म्हणालो, "नको."

"लहान आहे, लाओबान. पायऱ्या नाहीत."

आता इथे थांबून माझी चूक सांगतो, कारण ती दुसऱ्या कोणाच्या हातून झाली असती तर मी त्याला मूर्ख म्हटलं असतं. समोरचा माणूस सात नगांपैकी सहा एका दमात सोडतो आणि एकालाच धरून बसतो, तेव्हा तो एकच खरा माल असतो. बाकीचे सहा नुसते दाखवायला मांडलेले. हे मला पंधराव्या वर्षापासून माहीत आहे. यावर माझं पोट भरलं, घर झालं, परदेशात दुकान झालं. आणि त्या सकाळी मला एवढंच दिसलं की गडी सहा पायऱ्या खाली आलाय, आणखी एक रेटा दिला की संपला. मी पोटावर हात ठेवला आणि म्हणालो, "वेन, माझं पोट बिघडलंय."

साफ खोटं होतं.

त्याचा चेहरा बदलला. तो कशाची तरी वाट बघत माझ्याकडे पाहत राहिला, आणि मग म्हणाला, "मग तू झोप."

पाहुणा आजारी, म्हणून तो हलला नाही. माझ्या खोलीबाहेर बोळात खुर्ची टाकून बसला. मी पलंगावर, पाय उशीवर. तव्यांचा माल पाठवायला उशीर करणाऱ्या राजकोटच्या माणसाशी मी तीन वेळा फोनवर भांडलो, मोठ्या समाधानाने. संध्याकाळी दार उघडलं तर वेन तांदळाची पेज घेऊन उभा होता. दोनदा गार झाली म्हणून दोनदा बदलून आणलेली. मी ती प्यालो. आजारी होतो ना.

परत आलो आणि काही महिन्यांतच जग बंद पडू लागलं. अगदी सुरुवातीला, इथे सगळं उघडं होतं तेव्हा, वेन आणि मी ट्राममधून येत होतो. एक बाई वेनकडे बघून पिशवी उचलून दुसरीकडे जाऊन बसली. मागून एका माणसाने तोंडावर मफलर ओढला आणि मोठ्याने "करोना" म्हणून खोकला. मी उठलो आणि पुढचा थांबा येईपर्यंत त्याला अस्सल सांगलीच्या मराठीत झोडपला. सगळी ट्राम चिडीचूप. खाली उतरल्यावर वेनने विचारलं, "काय म्हणालास त्याला?"

"हवामानाबद्दल बोललो."

"बरंच खराब आहे वाटतं," वेन म्हणाला. पण त्यानंतर तो ट्राममध्ये बसला नाही. कामाला चालत जायचा, जाऊन-येऊन दोन तास.

लॉकडाउन लागला. घरी कोणाला बोलावायचं नाही, बाहेर दीड मीटर लांब राहायचं. एका रविवारी वेन खाली आला, हातात चौकटीचा कागद. "डीमनमधली प्रेक्षणीय स्थळं. नऊ." मी म्हटलं, अरे, मी इथे अठरा वर्षं राहतोय. तो म्हणाला, "पाहिलं काय आहेस?" काहीच पाहिलं नव्हतं. त्याने मला कालव्यावरचं पाणी अडवायचं दार दाखवलं, एक जुनं कबरस्तान दाखवलं, आणि सुपरमार्केटच्या मागे रोज त्याच कठड्यावर उभा राहणारा एक बगळा दाखवला. त्या वर्षात मी एकदाही घासाघीस केली नाही. दुसरं जायला होतं कुठे?

दुसऱ्या हिवाळ्यात त्याची आई गेली. विमानं जवळपास नव्हतीच, आणि पोचल्यावर हॉटेलात कोंडून घ्यायचे आठवडे वेगळे. अंत्यविधीला ल्यांगने फोन समोर धरला आणि वेनने सातव्या मजल्यावर, एकट्याने, टेबलाशी बसून सगळं पाहिलं. मंगलने खिचडी केली. मी ती वर नेऊन दारात ठेवली आणि मागे सरकून उभा राहिलो. म्हणालो, "गरम आहे तोवर खा."

महिनाभराने आम्ही पुन्हा फिरायला निघालो. कालव्याच्या काठी थांबून त्याने फोन काढला, एक फोटो लावला आणि फोन कठड्यावर ठेवून स्वतः दोन पावलं मागे झाला, मला जवळ जाऊन बघता यावं म्हणून. गोल टेबल, झाकून ठेवलेले पदार्थ, शेजारी नवा निळा सदरा घातलेली एक लहानखुरी म्हातारी. एका खुर्चीवर दोन उशा.

"कुठलं हे?"

"सहावा दिवस," वेन म्हणाला. "ते जुनं घर. आपण येत नाही म्हणून सांगायला ल्यांग गेला होता. त्याने काढला."

मी वाकून फोटो नीट पाहिला. तो म्हणाला, "मी तिला सांगितलं होतं, माझा मित्र लवकर दमतो. म्हणून दोन उशा."

मला राहवलं नाही. "वेन, त्या दिवशी माझं पोट बिघडलं नव्हतं."

"माहीत आहे. तू आत फोनवर ओरडत होतास. आजारी माणसाचा आवाज नव्हता तो."

"मग तू का गेला नाहीस? ल्यांगची गाडी खाली उभी होती!"

वेन पाण्याकडे बघत बोलायला लागला. इतकं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "बावीस वर्षं आई फोनवर विचारायची, तिथे तुझं कोण आहे? मी सांगायचो, खूप जण आहेत. ती म्हणायची, मग एकाला तरी घेऊन ये. या वेळी आणतो म्हणालो होतो. एकटा गेलो असतो तर तिला कळलं असतं."

"काय कळलं असतं?"

"की कोणी नाही." मग तो म्हणाला, "वाटलं, पुढच्या वर्षी येऊ. दोघं."

आणि मी काय करावं? मी भडकलो. दीड मीटर अंतर राखून, आई गेलेल्या माणसावर, भर रस्त्यात ओरडलो. सायकलवरून जाणारी माणसं वळून बघत होती. वेनने ऐकून घेतलं आणि फोन खिशात टाकला. आजही आम्ही रविवारी जातो, तो विषय निघाला की तो मला कुठला तरी पूल दाखवतो. मंगल म्हणते, "अहो, जाऊ द्या आता. किती टोचाल त्याला?"

मी जाऊ देणार नाही. खोटं मी बोललो. ते माझं आहे, मी कोणावर ढकलत नाही. पण वेन, तू बाहेर बसून सगळं ऐकत होतास. मी धडधाकट आहे हे तुला कळलं होतं. आपल्यामध्ये एक लाकडी दार होतं, कडीसुद्धा लावलेली नव्हती. आत येऊन माझी गचांडी धरायची होतीस. "माझी आई वाट बघतेय, ऊठ," एवढं म्हणायला काय लागत होतं? बावीस वर्षं जिला मित्र दाखवायचा होता तिच्यासाठी तुला मित्राशी एकदा भांडता आलं नाही? याचं उत्तर तुला द्यावं लागेल. दुसऱ्या कोणाकडे मी ते मागू शकत नाही.