म्हणणे ऐकून घेण्यात आले

बिबवेवाडीच्या नागरिक सुनावणी कक्षातील संगणकाचा आवाज शनिवारी गेला. ते लक्षात यायला सोमवार उजाडला, कारण रविवारी कक्षाला सुट्टी असते. लक्षात आल्यावर तो दुरुस्त व्हायला सात आठवडे लागले, कारण बाकीचे दिवस कक्ष चालू असतो.

संगणक सोळा वर्षांचा होता. शनिवारी कंत्राटदाराचा माणूस आला आणि व्हायरस काढण्यासाठी त्याने तो पूर्ण पुसून जुनीच प्रणाली पुन्हा भरली. चित्र आले, टंकलेखन आले, नव्या कॅमेऱ्यातून साहेबांचा चेहराही आला. फक्त ध्वनीचा ड्रायव्हर घालायचा राहिला. स्पीकर आणि माइक कसे चालवायचे हे संगणकाला समजावून देणारी ती एक छोटी फाइल असते. ती नसली की संगणक ठार बहिरा आणि मुका होतो, आणि तशी कबुली एका पिवळ्या उद्गारचिन्हाने देतो. त्या चिन्हाकडे पाहण्याची जबाबदारी कोणत्याही पदाच्या कर्तव्यसूचीत नव्हती.

कक्षाचे काम सोपे होते. नागरिकाने घरून, मोबाइलवरून, बारा मिनिटे आपली तक्रार सांगायची. सुनावणी अधिकारी हिंमतराव ढमाले यांनी ती ऐकायची. लिपिक सत्यशीला गजभिये यांनी त्यावर आदेश टंकायचा. सत्यशीलाबाई मूळच्या भंडाऱ्याच्या. वीस वर्षांपासून विश्रांतवाडीत राहत होत्या आणि दोन बस बदलून वेळेवर येत होत्या. हा दोष सोडला तर त्यांच्याबद्दल कार्यालयात कोणाची तक्रार नव्हती.

सोमवारी पहिले अर्जदार होते बाबुराव लोंढे, निवृत्त मुख्याध्यापक. ते पडद्यावर आले आणि त्यांचे ओठ हलू लागले.

"साहेब, आवाज येत नाहीये," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

"आपला त्यांना जातोय का?"

"तोही नाही."

"मग आवाज येत नाही, हे त्यांना सांगणार कसं?"

प्रश्न बिनतोड होता. समोर एक वयस्कर गृहस्थ तळमळीने बोलत असताना उठून जाणे हिंमतरावांना प्रशस्त वाटेना. ते बसून राहिले. मधूनमधून त्यांनी मान डोलावली. बारा मिनिटे संपली तेव्हा बाबुरावांचे डोळे पाणावलेले होते. त्यांनी हात जोडले, आणि पाच मिनिटांत त्यांचा अभिप्राय आला. पाच तारे. खाली लिहिले होते, 'सदतीस वर्षांच्या नोकरीत आणि एक्केचाळीस वर्षांच्या संसारात माझे म्हणणे मध्ये न तोडता प्रथमच कोणी पूर्ण ऐकून घेतले.'

हिंमतरावांनी अभिप्राय दोनदा वाचला. "पुढचे घ्या," ते म्हणाले.

"पण साहेब, आदेश काय टंकू?"

"नेहमीचाच."

नेहमीचा आदेश तयारच असे. 'अर्जदाराचे म्हणणे सविस्तर ऐकून घेण्यात आले. उचित कार्यवाही करण्यात येईल.' आवाज होता तेव्हाही हाच आदेश निघत असे, हे सत्यशीलाबाईंना त्या दिवशी पहिल्यांदा जाणवले. त्यांनी तो टंकला.

महिन्याभरात कक्षाची कीर्ती झाली. दिवसाला आठ सुनावण्या होत, त्या बावीस झाल्या. वादावादी थांबली. समाधानाचा आकडा दोन पूर्णांक तीनवरून चार पूर्णांक नऊवर गेला. वरून पत्र आले, की 'बिबवेवाडी पॅटर्न' इतरत्र राबवण्याच्या दृष्टीने अभ्यास पथक येईल. हिंमतरावांनी निळा कोट शिवायला टाकला.

अडचण एकच होती. तिचे नाव शालन पायगुडे.

शालनताई वारज्यात टेकडीच्या पायथ्याशी पोळीभाजी केंद्र चालवत. त्या पडद्यावर आल्या की बोलता बोलता पंजा उभा धरत आणि हळूहळू तो पुढे झुकवत. पहिल्या वेळी पंजा थोडा कलला. पंधरा दिवसांनी अर्धा कलला. तिसऱ्या वेळी त्यांनी पंजा जवळजवळ आडवा केला आणि खालून दुसऱ्या हाताने पोळी लाटल्याचे दाखवले. हिंमतरावांनी तिन्ही वेळा मान डोलावली.

"या बाई योगासनांचा वर्ग मागतायत," ते म्हणाले. "क्रीडा विभागाकडे पाठवा."

सत्यशीलाबाईंना ते काही योगासन वाटेना. अर्जावर फोन नंबर होता. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तो लावला.

"अहो, भिंत!" शालनताई पलीकडून म्हणाल्या. "आमच्या मागची टेकडीची भिंत. झुकलीये, खाली आम्ही पाच बायका दिवसभर पोळ्या लाटतो. तीनदा सांगितलं की साहेबांना. तिन्ही वेळा 'हो हो' केलं त्यांनी. देवमाणूस आहे. पण माणूस काही पाठवत नाहीत."

सत्यशीलाबाई फोन ठेवून तडक साहेबांच्या टेबलापाशी गेल्या. हिंमतरावांनी सगळे शांतपणे ऐकले. त्यांना आता सवय झाली होती.

"गंभीर आहे," ते म्हणाले. "पण हे तुम्ही फोनवर ऐकलंत. नियमाप्रमाणे मी सुनावणीत ऐकलं पाहिजे. तरच अभियंत्याला आदेश देता येतो."

"सुनावणीत ऐकू येत नाही, साहेब."

"तेच म्हणतोय मी."

तेव्हा सत्यशीलाबाईंनी टिपणी लिहिली. 'विषय: ध्वनी चालक अद्ययावत करणेबाबत.' विषयात चालक असल्यामुळे ती वाहन विभागात गेली आणि नऊ दिवसांनी शेरा घेऊन परत आली, 'सदर चालक आमच्या आस्थापनेवर नाही.' मग त्यांनी नव्या संगणकाची मागणी केली. नवा मिळण्यासाठी जुना निकामी असल्याचा दाखला लागतो. तपासनीस आला, त्याने संगणक चालू करून पाहिला आणि लिहिले, 'संगणक सुस्थितीत आहे. तपासणीदरम्यान कोणताही वावगा आवाज आला नाही.' ड्रायव्हर इंटरनेटवरून उतरवून घ्यावा, तर संगणक बनवणाऱ्या कंपनीच्या पानावर मजकूर होता, 'आपली प्रणाली आता अस्तित्वात नाही.' ज्या प्रणालीवर त्या हे वाचत होत्या, तिच्याबद्दलच ते लिहिले होते. घरून पेनड्राइव्ह आणावा, तर सुरक्षेच्या कारणास्तव संगणकाच्या खाचांना लाखेचे सील होते.

शेवटी त्यांनी जडवस्तू नोंदवही उघडली. सोळा वर्षांपूर्वीची नोंद सापडली. 'संगणक, नग एक. सोबत ड्रायव्हरची सीडी, नग एक.' सीडी कपाटात नव्हती, टेबलात नव्हती. शिपाई सोनबा म्हणाला, "ती चकाकणारी तबकडी का? ती खिडकीत हाय की, बाई. कबुतरांसाठी."

खिडकीत, दोऱ्याला टांगलेली, सोळा वर्षांपूर्वीची सीडी वाऱ्यावर फिरत होती. कबुतरांनी तिच्याशेजारीच घरटे केले होते. सत्यशीलाबाईंनी खुर्चीवर चढून ती सोडवली, हात धुवायच्या सॅनिटायझरने पुसली, आणि शनिवारी सकाळी, साहेब कोट घालून पाहायला गेलेले असताना, संगणकाकडे वळल्या. सीडीचा कप्पा उघडेना. त्यांनी केसातली पिन सरळ करून कप्प्याच्या बारीक छिद्रात खुपसली. कप्पा कुरकुरत बाहेर आला. पडद्यावर इशारा आला, की या ड्रायव्हरच्या निर्मात्याची ओळख पटलेली नाही, तरी पुढे जायचे का? वीस वर्षांच्या नोकरीत सत्यशीलाबाईंना पुढे जायचे का, असे प्रथमच कोणी विचारत होते. त्यांनी 'हो' दाबले.

हिरवी पट्टी सरकली, एक्केचाळीस टक्क्यांवर अडकली, पुन्हा सरकली. संगणक बंद होऊन सुरू झाला, आणि सुरू होतानाची धून एवढ्या जोरात वाजली की सोनबा दारातून पळत आला. पिवळे उद्गारचिन्ह गेले होते. सत्यशीलाबाई एकट्याच हसल्या.

सोमवारी त्यांनी पहिला क्रमांक शालनताईंना दिला.

"साहेब, आता तरी बघा! चिरेत अख्खा हात जातो!" शालनताईंचा आवाज खोलीभर घुमला. हिंमतराव खुर्चीत दचकले. मान डोलावून भागणार नव्हते, कारण आवाजाची आता ध्वनिमुद्रणात नोंद होत होती. त्याच दुपारी अभियंता वारज्याला गेला. त्याने केंद्र रिकामे करून भिंतीला टेकू लावले, आणि दोन दिवसांनी ती भिंत जेसीबीने उतरवताना निम्मी आपणहून खाली आली. खाली कोणी नव्हते. पोळ्यांची एक परात तेवढी चेपली. त्या संध्याकाळी सत्यशीलाबाई बसमध्ये खिडकीशी बसल्या होत्या, आणि आपला थांबा मागे गेल्याचे त्यांना कळलेही नाही.

दुसऱ्या दिवशी शालनताईंचा अभिप्राय आला. तीन तारे. 'काम झाले. परंतु साहेब फार मध्ये मध्ये बोलतात.'

हे खरे होते. ऐकू येऊ लागल्यापासून हिंमतरावांना प्रश्न पडू लागले होते. बाबुराव लोंढे पुन्हा आले तेव्हा चौथ्या मिनिटाला ते म्हणाले, "शेजारी तुमच्या दारात चपला काढतात, हे समजलं. आपली मागणी काय?"

"मागणी कशाला हवी?" बाबुराव भडकले. "मी तक्रार करायला आलोय!"

आकडा दोन पूर्णांक एकवर आला. पंधरवड्यात एक शिष्टमंडळ जिना चढून आले. त्यांच्या निवेदनावर चारशे बारा सह्या होत्या. 'पूर्वीची शांत, सुसंस्कृत पद्धत पुन्हा सुरू करावी', अशी मागणी होती. बाबुराव अग्रभागी होते. सतराव्या क्रमांकावर शालन पायगुडे यांची सही पाहून सत्यशीलाबाईंनी तिथल्या तिथे फोन लावला.

"शालनताई, अहो, आवाज आला म्हणून तुमच्या भिंतीचं काम झालं!"

"भिंतीचं झालं हो, उपकार आहेत तुमचे. पण आता मला माझ्या जावेबद्दल सांगायचंय. त्यात साहेबांनी बोलू नये असं वाटतं."

अभ्यास पथक आठ दिवसांवर आले होते. हिंमतरावांनी सत्यशीलाबाईंकडे पाहिले. "तो ड्रायव्हर काढून टाका."

"याला टिपणी लागेल, साहेब. वाहन विभाग, तपासनीस..."

"काढायला काही लागत नाही."

ते खरे होते. अकरा सेकंद लागले.

पथक आले, बावीस सुनावण्या पाहून भारावले, आणि आता हा पॅटर्न नऊ ठिकाणी सुरू होत आहे. सत्यशीलाबाई जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून अर्जदारांना एकेक फोन करतात आणि विचारतात, "आपल्याला नेमकं काय हवंय?" बहुतेक जण म्हणतात, "सगळं साहेबांना सांगितलंय," आणि फोन ठेवतात. दिवसाला एखादा थांबून उत्तर देतो. त्याचे काम होते.

आपल्यालाही काही सांगायचे असेल, तर नोंदणी सध्या दोन महिने पुढची चालू आहे. पूर्ण बारा मिनिटे मिळतील. 'माझा आवाज येतोय ना?' असे चारशे बारांपैकी एकानेही विचारलेले नाही. आपणही विचारणार नाही, याची कक्षाला खात्री आहे.