सोळा घरांची मेथी

ज्या आठवड्यात शेतात काहीच उरलं नव्हतं, त्या आठवड्यातही देवरावजी टोपली घेऊन आमच्या दारात उभे राहिले. टोपली रिकामी होती. रविवारी गारपीट झाली होती आणि वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर, सगळं झोडपून निघालं होतं. दुसरा कुणी असता तर कपाळाला हात लावून घरी बसला असता. हे गृहस्थ सोळा रिकाम्या टोपल्या घेऊन सिंदी रेल्वे या आपल्या गावाहून सकाळच्या पॅसेंजरनं वर्ध्याला आले, स्टेशनवरून सायकलरिक्षा केली आणि घरोघरी एकेक टोपली देत फिरले.

"धरा," ते म्हणाले.

"यात काही नाही, देवरावजी."

"हाय ना. गारा पडल्या. तुमच्या हिश्शाच्या पन पडल्या."

मी मुकाट्यानं दोन्ही हातांनी टोपली धरली. मी शाळामास्तरीण आहे, वर्गात पन्नास पोरं गप्प करते. पण या माणसापुढे माझं कधी काही चाललं नाही.

नव्वदच्या दशकातली, अगदी शेवटाशेवटाची गोष्ट. सिंदी रेल्वेजवळ देवरावजींचं तीन एकर शेत होतं आणि एक विहीर. ते कुठल्याशा सेंद्रिय शेतीच्या शिबिराला जाऊन आले आणि पोत्यातलं खत आणि फवारा दोन्ही बंद करून बसले. मग त्यांनी सोळा घरं धरली. बरीचशी वर्ध्याला लागून असलेल्या आमच्या सिंदी मेघेतली, उरलेली सेवाग्रामकडची. वर्षाच्या सुरुवातीला ठरलेले पैसे द्यायचे आणि वर्षभर दर गुरुवारी एक टोपली घ्यायची. शेतात येईल ते टोपलीत. निवडायचं नाही, नाक मुरडायचं नाही आणि स्वतःला गिऱ्हाईक म्हणवून घ्यायचं नाही. आमच्या शेजाऱ्यांनी एकदा चुकून म्हटलं, "गिऱ्हाईकाचं जरा पाहत जा." देवरावजींनी त्यांच्या दारातली टोपली उचलली.

"गिऱ्हाईक बजारात भेटते. तुमी हिस्सेदार आहा. आहा का नाई, ते सांगा पह्यले."

शेजाऱ्यांनी "आहे" म्हटल्यावरच टोपली खाली ठेवली.

भादव्यात एकदा सलग पाच गुरुवार दोडके आले. दोडक्याची भाजी झाली, चटणी झाली, सालांचीही चटणी झाली. पाचव्या गुरुवारी माझी धाकटी दोडके पाहून रडायलाच लागली. मी तक्रार केली तर म्हणाले, "मले काऊन सांगता? दोडक्याले सांगा. तो आयकून नाई राह्यला."

आमच्या सासूबाईंशी त्यांचं वेगळंच भांडण होतं. दुसऱ्याचं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हा सासूबाईंचा नेम. त्या सोवळ्याओवळ्याच्या पक्क्या आणि खोटं तर थट्टेतही बोलायच्या नाहीत. गुरुवारी टोपली परत देताना त्या आत गुळाचा खडा नाहीतर मूठभर तांदूळ टाकायच्या. देवरावजी ते काढून ओट्यावर ठेवायचे. "वावर देते, तुमी घेता. उलटं काई चालत नाई." दोघंही हट्टी. गूळ वर्षभर आत-बाहेर करत राहिला आणि शेवटी मुंग्यांनी तो निकालात काढला.

आता वेणूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या देवरावजींच्या बायको. त्या वर्ध्याला कधी आल्या नाहीत, पण सोळाही टोपल्या त्याच भरायच्या. कुणाकडे म्हातारीला दात नाहीत म्हणून तिथं बरबटीची, म्हणजे चवळीची, कोवळी शेंग, कुणाकडे बाळंतीण म्हणून शेपू. आमच्या ह्यांना मुळ्याच्या वासानं मळमळतं हे त्यांना कुठून कळलं देव जाणे, पण आमच्या टोपलीत मुळा कधी आला नाही. देवरावजींना हे मान्य नव्हतं. "मी नियमानं भरतो," ते कुरकुरायचे, "अन् ती मांगून सारं बदलवते. कोनाले काय आवडते हे पाहत बसलं त वावर कसं चालन?" पण त्यांनी बदललेली टोपली कधी पुन्हा बदलली नाही. मेथीच्या जुड्या वेणूबाई अंबाडीच्या सुतळीनं बांधायच्या, मुळं धुऊन, सगळ्या सारख्या. मी कधी न पाहिलेल्या त्या बाईला मी जुड्यांवरून ओळखत होते.

गारपिटीच्या त्या वर्षी दिवाळी झाली आणि वेणूबाईंना सेवाग्रामच्या दवाखान्यात भरती केलं. आमचे हे तिथंच कागदपत्रांच्या विभागात नोकरीला होते, ते भेटून आले. दुखणं साधं नव्हतं. वेणूबाई ह्यांना म्हणाल्या होत्या, "भरती व्हाच्या आदल्या दिवशी वाफ्यात मेथी टाकून आली मी. मी येतवरी एक बी गुरुवार चुकवू देऊ नका त्याह्यले. मेथी साऱ्या घरी गेली पाह्यजे."

देवरावजींनी एकही गुरुवार चुकवला नाही. पहाटे तोडायचं, पॅसेंजर धरायची, सोळा घरं करायची आणि तिथून दवाखाना. मी डबा देऊ केला, त्यांनी घेतला नाही. हे रात्री सोबतीला थांबतो म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही. सासूबाई भेटायला निघाल्या तर त्यांनाही अडवलं. "आमचं आमी पाहून राह्यलो." मला रागच आला. गारांचा हिस्सा द्यायला सोळा दारं आठवली, आणि आता घरातलं माणूस अंथरुणाला खिळलंय तर कुणी वाटेकरी नको. मी तोंडावर तसं बोलूनही दाखवलं. ते नुसतं म्हणाले, "मेथी उगवली. दवाखान्यात तिले सांगतलं म्या."

वेणूबाई भरती झाल्यापासूनच्या पाचव्या गुरुवारी ते दोन तास उशिरा आले. आमचे हे रविवारपासूनच नागपूरला चुलतभावाकडे लग्नाच्या कामाला गेले होते. मुलं शाळेत गेलेली, माझी शाळेची वेळ झालेली, मी पर्स घेऊन दारातच उभी. टोपलीत वर तीन जाड मुळे आणि खाली मेथी. जुड्या नाहीत, नुसता चिखलानं भरलेला गठ्ठा. पानं जून झालेली, काहींना फूल आलेलं.

माझा तोल गेला. "काय आहे हे, देवरावजी? निदान झटकून तरी आणायची. आणि मुळे? आमच्याकडे मुळे चालत नाहीत, माहीत नाही का? नियम नियम करता आणि अशी भाजी आणता?" सातवीच्या पोराला झापावं तशी मी त्यांना झापत होते. सासूबाई मागं उभ्या होत्या.

देवरावजी पायांकडे पाहत ऐकत राहिले. "पुढच्या खेपेले नीट करीन, बाई," म्हणाले आणि रिक्षाकडे गेले. वेणूबाई कशा आहेत, एवढं विचारायचंही मला सुचलं नाही. मेथी निवडायला वेळ कुणाला होता? सासूबाईंनी माझ्या सांगण्यावरून ती शेजारच्या गाईला घातली.

दुसऱ्या दिवशी हे कामावर रुजू झाले आणि दुपारीच घरी परत आले. वेणूबाई सोमवारी गेल्या होत्या.

सोमवारी बाई गेली, आणि गुरुवारी हा माणूस माझ्या दारात उभा राहून माझी बोलणी खात होता. मला माझीच लाज वाटली. आजही वाटते.

ह्यांनी बाकीच्या घरांना कळवलं आणि रविवारी आम्ही गेलो. सोळा घरांतली बहुतेक मंडळी एकाच पॅसेंजरनं सिंदी रेल्वेला उतरली. सासूबाईही आल्या. देवरावजी विहिरीच्या काठावर बसले होते. इतकी माणसं पाहून ते गडबडले आणि कुणाला कुठं बसवावं हे न सुचून रिकामी पोती अंथरायला लागले.

मी म्हटलं, "आम्हाला सांगितलं काऊन नाही, देवरावजी?"

ते पोतं झटकत राहिले. मग म्हणाले, "पह्यल्या घरी सांगतलं असतं त तिथंच बसलो असतो. मंग बाकीच्या पंधरा घरी कोन गेलं असतं?"

त्यांनी पोतं अंथरलं आणि त्याच्या कडेला स्वतः टेकले.

"अन् खरं सांगू का बाई, सुतकातली भाजी होती. माहा भाऊ म्हने, सुतकात कोनाच्या घरी काई देऊ नोको. पन थांबलो असतो त मेथी हातची गेली असती. तिनं टाकेल होती. सुतक हाय म्हनून सांगतलं असतं त तुमी घेतली नसती. म्हनून नाई सांगतलं म्या." ते सासूबाईंकडे वळले आणि त्यांनी हात जोडले. "माय, तुमी सोवळ्यातल्या. तुमाले फसवलं म्या. माफी करजा."

मला गाईपुढे टाकलेला तो गठ्ठा आठवला.

सासूबाई पुढं झाल्या. पोत्यावर त्यांच्याजवळ बसल्या. सुतकाच्या घरचं पाणी न पिणाऱ्या त्या, देवरावजींकडे तांब्या मागून पाणी प्यायल्या.

देवरावजींनी हळूच विचारलं, "मेथी कशी होती, माय?"

"चांगली होती," सासूबाई म्हणाल्या. "मीच निवडली. मुगाची डाळ टाकून केली. सगळ्यांनी खाल्ली."

"कडू निंगाली असन. तोडाले उशीर झाला मले. तीन दिवस वावरात आलोच नाई."

"नाही रे बाबा," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी देवरावजींच्या पाठीवर हात ठेवला. "कडू नव्हती."

तेव्हा कुठं देवरावजी रडायला लागले.